नाझरेथमधलं दोन हजार वर्षांपूर्वीचं गाव आणि एक शनिवार

माळवद (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९:४०

इथे प्रवासाचे धागे वर आलेत, म्हणून माझंही एक जुनं देणं फेडून टाकतो.

२०२२ च्या ऑक्टोबरात कंपनीच्या कामाने पाच आठवडे इस्रायलमधल्या हैफात होतो. तिकडे सुट्टी शुक्रवार-शनिवार. ऑफिसातला एक सहकारी नाझरेथचा, अरब ख्रिस्ती. तो म्हणाला, "चर्चं काय, सगळेच बघतात. तुला येशूच्या वेळचं गाव दाखवतो." हैफापासून नाझरेथ साधारण चाळीस किलोमीटर. एका शनिवारी सकाळी त्याच्या गाडीतून निघालो.

खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांपुढे आपल्याकडची हुरडा पार्टीवाली केंद्रं होती. दारात बैलगाडीचं चाक, फेटा बांधून देणारा माणूस आणि आत गेल्यावर डीजे. तसलंच काहीतरी असणार म्हणून कॅमेराही गाडीतच ठेवला होता. तो आणायला नंतर परत जावं लागलं.

आजचं नाझरेथ म्हणजे चढ, हॉर्न आणि अरुंद रस्त्यात अडकलेल्या बसेस. इस्रायलमधलं हे सर्वांत मोठं अरब शहर. त्यात एका उतारावर १८६१ पासूनचं मिशनचं इस्पितळ आहे, अजून चालू असलेलं. त्याच्या अंगालाच डोंगराचा एक तुकडा कुणी बांधकाम न केल्यामुळे शिल्लक राहिला. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे खडकात कोरलेलं द्राक्षकुंड सापडलं, दगडी ताली घातलेली पायऱ्या-पायऱ्यांची शेतं सापडली, राखणीच्या माच्यांचे पाये सापडले. १९९७ ते २००२ या काळात तिथे पाहणी आणि उत्खनन झालं. त्याच शेताभोवती पहिल्या शतकातल्या गालीलचं (नाझरेथच्या आसपासच्या मुलखाचं ते जुनं नाव) गाव नव्याने उभारलं आणि २००० साली ते लोकांसाठी उघडलं. नाव साधंच, नाझरेथ व्हिलेज.

म्हणजे अख्ख्या गावात खरोखर जुनं काय, तर ते कुंड आणि ताली. घरं, सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), घाणा, सुताराचं दुकान सगळं नवीन, पण शक्य तिथे जुन्या रीतीने बांधलेलं.

कुंड अगदी साधं आहे. खडकात कोरलेला उथळ चौक, चार माणसं दाटीवाटीने उभी राहतील एवढा. त्यात द्राक्षं टाकून पायांनी तुडवायची. एका कडेला बारीक पन्हळ, रस तिथून खालच्या खड्ड्यात उतरणार. आमची गाइड विशीतली मुलगी होती. तिने पाण्याची बाटली चौकात ओतली आणि गप्प उभी राहिली. पाणी आपोआप पन्हळीकडे वळलं. कोरणाऱ्याने तळाला दिलेला उतार अजून काम करतोय. मी सिव्हिलवाला, आमच्या बाथरूमचा उतार तीनदा चुकलाय, त्यामुळे मी तिथे जरा जास्तच वेळ रेंगाळलो.

नंतर एका घरात शिरलो आणि मान वर गेली ती तशीच राहिली. तुळया, त्यांच्यावर आडव्या फांद्या, त्यांच्यावर बोरूचा थर, वर माती. अहो, हे तर माळवद! लातूरकडच्या आमच्या जुन्या घराचं छत अस्संच होतं. गाइड सांगत होती की पावसाळ्याआधी वर माती घालून दगडी रूळ फिरवायचे, म्हणजे छत गळत नाही. आमच्याकडे आजोबा पांढरी माती टाकून धुम्मसाने चोपायचे, एवढाच फरक. उन्हाळ्यात वरच झोपायचं, वरच धान्य वाळवायचं, हेही तेच.

त्यावरून आठवलं. शाळेत असताना एक गोष्ट ऐकली होती. लुळ्या माणसाचे मित्र गर्दीमुळे दारातून आत जाऊ शकत नाहीत, म्हणून छप्पर उघडून त्याला बाजेसकट येशूसमोर खाली सोडतात. लहानपणी ती मला शुद्ध थाप वाटायची. छप्पर कसं उघडणार? त्या घरात उभा राहिलो आणि कळलं की त्यात काही विशेष नाही. फावडं असलं तर अर्ध्या तासाचं काम. घरमालक काय म्हणाला असेल हा वेगळा प्रश्न, आणि तो कुणी लिहून ठेवलेला नाही.

ऑलिव्हचा घाणाही बघितला. गोल दगडी कुंडीत उभं दगडी चाक, त्याला आडवा दांडा, दांड्याला गाढव. गाढवाने चार फेऱ्या मारल्या, पाचव्या फेरीला थांबलं आणि काही केल्या हललं नाही. राखणारे काका अरबीत त्याला जे म्हणाले ते सहकाऱ्याने भाषांतर करून सांगायला नकार दिला.

एक गोष्ट खटकली, ती लिहितो. सगळं फार स्वच्छ आहे. मेंढ्यांच्या वाड्यात वास नाही, चुलीच्या घरात भिंत काळी नाही, माशा नाहीत. अशी जिथे जिथे 'जिवंत इतिहासा'ची गावं केलीत तिथे हे होणारच, कारण तिकीट काढून कुणी माशा बघायला येत नाही. पण मग डोळ्यांना पटतं आणि नाकाला पटत नाही.

निघताना प्रत्येकाला मातीचा एक छोटा दिवा देतात. माझा अजून कपाटात आहे. फोटो उद्या टाकतो.

---

टवाळ_टिटवी | रविवार, रात्री १०:०५

म्हणजे शेवटी हुरडा पार्टीच, फक्त बैलाच्या जागी गाढव. जेवणाचं लिहिलंच नाहीत! मराठी माणसाचं प्रवासवर्णन आणि जेवण नाही? फाउल.

---

माळवद | रविवार, रात्री १०:२०

लिहितो, लिहितो. आधी सांगून ठेवलं तर तिथे त्या काळचं जेवण मिळतं. सपाट भाकरीसारखी रोटी, मसुराचं पातळ कालवण, ऑलिव्ह, दह्याचा चक्का (तिकडे त्याला लबने म्हणतात), झातर नावाची रानवनस्पतीची पूड आणि खजुराची काकवी. मिरची नाही, टोमॅटो नाही, बटाटा नाही. हे तिन्ही अमेरिकेतून आलेले, तेव्हा कुठून असणार? पहिल्या घासाला वाटलं कालवणात मीठच नाही. चौथ्या घासाला मसुराची चव लागायला लागली. बायबलात एसाव नावाचा माणूस तांबड्या कालवणासाठी थोरलेपणाचा हक्क विकतो. मी काही विकला नसता, पण एक वाटी जास्त घेतली.

---

केळीचं_पान | रविवार, रात्री ११:१२

छान लिहिलंय. मी वसईची. २०१८ साली पॅरिशच्या ग्रुपबरोबर पवित्र भूमीची यात्रा केली, बारा दिवसांची. कार्यक्रमपत्रिकेत हे गाव छापलेलं होतं, पण आदल्या दिवशी खरेदीच्या दुकानात इतका वेळ घालवला की इथे जेमतेम चाळीस मिनिटं उरली. टूर कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्याकडच्या सगळ्यांना कळेलच.

त्या चाळीस मिनिटांत माझ्या लक्षात राहिलं ते जातं. एक बाई दळत बसली होती. गाइडने मला विचारलं, "करून बघायचंय?" मी बसले आणि सवयीने खुंटा धरला. ती बाई हसली आणि समोर सरकून तिनेही खुंटा धरला. दोघींचे हात एकाच खुंट्यावर. मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे ना, दोघी जणी जात्यावर दळीत असतील, एक घेतली जाईल आणि एक ठेवली जाईल. लहानपणापासून मिस्सात ऐकलंय, पण 'दोघी' का, हे कधी मनात आलं नव्हतं. जड जातं एकटीने ओढवत नाही म्हणून दोघी! आमच्या आजीला विचारलं असतं तर तिने दोन सेकंदात सांगितलं असतं.

मग मी गाइडला विचारलं, दळताना या बायका काय म्हणायच्या? तिला प्रश्न कळला नाही. परत विचारलं, गाणं कुठलं? ती म्हणाली, ते कुणालाच माहीत नाही. ते मला फार लागलं. जातं बसवता आलं, खुंटा बसवता आला, पीठसुद्धा पडतंय. ओवी मात्र नाही.

---

पाटावरवंटा | रविवार, रात्री ११:३०

केळीचं पान, शेवटच्या ओळीला +१००.

---

खापर | सोमवार, सकाळी ८:१५

धागा आवडला. थोडं भिंग लावतो, राग नसावा.

एक. खडकात कोरलेल्या कुंडाचं वय ठरवणं भयंकर कठीण. कोरीव खडकाला काळ सांगणारे मातीचे थर नसतात. कुंड पहिल्या शतकात कोरलं असेल, आधी कोरलं असेल, आणि पुढे पाचशे वर्षं वापरलं असेल. आसपासच्या मातीत मिळालेली खापरं हाच आधार. तालींचं तर त्याहून अवघड, कारण दर पिढीत कुणीतरी त्या परत रचतो. म्हणून "येशूने हेच कुंड पाहिलं" असं कुणी सांगितलं तर मान डोलवावी आणि पुढे जावं. "असंच कुंड पाहिलं" एवढं मात्र निर्धास्त म्हणता येतं.

दोन. गावातलं सिनेगॉग सुंदर आहे, पण नाझरेथमध्ये पहिल्या शतकातलं सिनेगॉग सापडलेलं नाही. तिथे नमुना धरलाय तो गोलानच्या पठारावरच्या गामला या जुन्या ज्यू गावासारख्या ठिकाणांचा. गामला रोमनांनी इ.स. ६७ मध्ये उद्ध्वस्त केलं आणि नंतर तिथे कुणी राहिलंच नाही, त्यामुळे चारी भिंतींना लागून असलेले दगडी बाक आणि मधले खांब जागेवर राहिले. २००९ मध्ये गालीलच्या सरोवराच्या किनाऱ्यावर मग्दला इथेही त्या काळातलं सिनेगॉग निघालं. रचना तीच, भिंतीलगत बाक. म्हणजे लोक एकमेकांकडे तोंड करून बसत. आपल्या गावातल्या चावडीसारखं समजा.

तीन. माळवद साहेब, तुमच्या छपरावरून एक गंमत. ती गोष्ट बायबलात येशूचं चरित्र सांगणाऱ्या मार्कनेही सांगितलीय आणि लूकनेही. मार्क म्हणतो, त्यांनी छप्पर उकरलं. लूक म्हणतो, कौलं काढून खाली सोडलं. मार्कच्या डोळ्यांपुढे मातीचं घर आहे, लूकच्या डोळ्यांपुढे कौलारू. तुमची शाळेतली गोष्ट लूकच्या बाजूची असावी.

२००९ मध्येच आजच्या नाझरेथमध्ये, घोषणेच्या बॅसिलिका या मोठ्या चर्चच्या अगदी जवळ, त्या काळातल्या एका घराचे अवशेष मिळाले. दोन खोल्या, अंगण आणि पाण्याचं टाकं. त्यात चुनखडीच्या भांड्यांचे तुकडे होते. ज्यू शुद्धिनियमांप्रमाणे मातीचं भांडं एकदा विटाळलं की फोडावं लागतं, दगडी भांड्याला विटाळ लागत नाही. सोवळ्याची भांडी! म्हणून दगडी भांडी दिसली की तिथे ज्यू कुटुंब राहत होतं असं मानतात. नाझरेथजवळ रैना भागात अशी भांडी कोरायचा कारखानाच निघालाय, गुहेतला.

---

टवाळ_टिटवी | सोमवार, सकाळी ९:०१

खापर आले की धाग्याला धार येते. आजीच्या सोवळ्याचं मूळ गालीलात निघालं की मी आणखी एक धागा काढणार. (हलके घ्या.)

---

रानपाखरू | सोमवार, सकाळी १०:३०

येशू सुतार होता ना? मग लाकूड कुठून यायचं? नेटवरच्या फोटोंत तर सगळा दगडच दिसतो.

---

खापर | सोमवार, सकाळी ११:१०

योग्य शंका. मूळ ग्रीक शब्द 'तेक्तोन'. आपल्या बायबलात त्याचं 'सुतार' झालं, पण त्याचा अर्थ बांधकामाचा कारागीर असाही होतो. दगड घडवणारा, तुळई चढवणारा, जू-नांगर करणारा, सगळंच आलं. गावातला कारागीर काही एकच काम करून पोट भरत नव्हता. नाझरेथपासून साधारण सहा किलोमीटरवर सेफोरिस नावाचं शहर त्याच काळात नव्याने बांधलं जात होतं, गालीलचा तेव्हाचा शासक हेरोद अंतिपास बांधवत होता. नाझरेथचे कारागीर तिथे रोजाने जात असतील असं पुष्कळ अभ्यासकांना वाटतं. पुरावा नाही, अंतर तेवढं सोयीचं आहे.

---

माळवद | सोमवार, दुपारी १:४०

तिथल्या सुताराकडे धनुष्यासारखा ड्रिल होता. दोरी गुंडाळून पुढे-मागे ओढायचा. आमच्या गावचे सुतार सामता म्हणायचे त्याला. मी तसं म्हणून दाखवलं, त्याने अरबीत काहीतरी म्हणून दाखवलं, दोघांनाही एकमेकांचा शब्द उच्चारता आला नाही.

नांगरही होता. एकाच रुमण्याचा, हलका, पुढे लोखंडी फाळ. एका हातात रुमणं, दुसऱ्या हातात पराणी. "नांगराला हात लावून मागे पाहणारा" या वचनात एकच हात का, ते तिथे दिसतं. दुसरा हात रिकामा नसतोच. मागे बघितलं की तास वाकडं. मला माझ्या थोरल्या चुलत्यांची शिवी आठवली, ती इथे लिहिता येणार नाही.

---

अनामिका_पुणे | सोमवार, दुपारी ३:२२

मुलं आठ आणि पाच वर्षांची आहेत. किती वेळ लागतो? कंटाळतील का?

---

माळवद | सोमवार, दुपारी ४:००

गाइडबरोबर तास-दीड तास. चढउतार आहे, पायांत बूट हवेत, छोट्याला उचलायची तयारी ठेवा. मेंढ्या आणि गाढव असेपर्यंत कंटाळणार नाहीत. रविवारी गाव बंद असतं. आणि मी गेलो तो काळ वेगळा होता. ऑक्टोबर २०२३ नंतर तिकडचं पर्यटन जवळजवळ थांबलं होतं, त्यामुळे सध्याची परिस्थिती आणि सरकारी सूचना बघूनच काय ते ठरवा.

---

शनवारतेली | सोमवार, रात्री ८:५०

मी इस्रायलमधल्या लोदहून लिहितो आहे. माझा जन्म अलिबाग तालुक्यातला, १९७१ मध्ये आईवडिलांबरोबर इकडे आलो, तेव्हा अकरा वर्षांचा होतो. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. घरात आजही मराठी. नातवंडांना कळते, बोलत नाहीत. लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या.

माळवद यांनी घाण्याबद्दल लिहिले म्हणून राहवले नाही. आमच्या आजोबांचा घाणा होता. कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणत, हे इथे बहुतेकांना ठाऊक असेलच. इतर तेली सोमवारी घाणा थांबवीत, शंकराचा वार म्हणून, ते सोमवार तेली. आमचा घाणा शनिवारी बंद, म्हणून आम्ही शनवार तेली. आमच्या लोकांना मधली कित्येक शतके हिब्रू येत नव्हते, ग्रंथ नव्हता. शेमा एवढी प्रार्थना, सुंता, खाण्याचे नियम आणि शनिवार, एवढेच हातात राहिले होते. आणि शनिवार राहिला तो बैलामुळे, असे आजोबा गमतीने म्हणत. माणूस विसरेल, बैल विसरणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी जू उतरले की तो आपणहून गोठ्याकडे जाई आणि सकाळी कुणी हलवले तरी उठत नसे.

मी स्वतः नाझरेथचे हे गाव दोनदा पाहिले आहे. घाण्यात एक फरक आहे, तो तेल्याच्या नातवाच्या नजरेला दिसतोच. आपल्या घाण्यात उखळीत लाट फिरते आणि तीळ तिथेच भरडून तिथेच तेल सुटते, पेंड बाजूला. ऑलिव्ह हे फळ आहे, त्यात पाणी असते. तिथे दगडी चाक नुसते चेचते. तो लगदा मग गोल विणलेल्या टोपल्यांत भरून टोपल्या एकावर एक रचतात आणि वरून लांब तुळईचा भार देतात, तुळईच्या टोकाला दगड टांगून. खाली येतो तो रस, त्यात तेल आणि पाणी. थांबून राहिले की तेल वर येते, ते काढून घ्यायचे. पहिले तेल सर्वांत चांगले, देवळाच्या दिव्याचे. पुढे दाब वाढवून काढलेले खाण्याचे, शेवटचे दिव्याचे नि साबणाचे, असे तिथले लोक सांगतात. येशूला पकडले ती जागा गेथशेमाने, तिचा अर्थही तेलाचा घाणाच. हे आमच्या आजोबांना माहीत असते तर त्यांनी शेजारच्या पाद्रीबाबांना ऐकवले असते.

आता तुम्ही लिहिलेली एक गोष्ट. तुम्ही शनिवारी गेलात आणि गाढव घाण्याला जुंपलेले पाहिलेत. गाव चालवणारे लोक नाझरेथचे, ख्रिस्ती आणि मुसलमान, त्यांचा शनिवार नाही, रविवारी ते बंद ठेवतात. त्यात गैर काहीच नाही. माझी तक्रारही नाही, ती माणसे फार अगत्याची आहेत. पण दाखवतात ते ज्यू गाव, आणि त्या गावात शनिवारी घाणा फिरला नसता. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आज्ञा आहे, शब्बाथाला (म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी) तू काम करू नको, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा बैल, तुझे गाढव. गाढवाचे नाव स्पष्ट आहे. म्हणून तुमचे ते गाढव पाचव्या फेरीला थांबले हे वाचून मी इतका हसलो की बायको आतून बघायला आली.

---

टवाळ_टिटवी | सोमवार, रात्री ९:०४

काका, दंडवत. त्या गावात पहिल्या शतकाचं खरं भान असलेला एकच रहिवासी होता म्हणायचं, आणि त्याला चार पाय होते.

---

माळवद | सोमवार, रात्री ९:३०

शनवारतेली काका, माझ्या अख्ख्या धाग्यात हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही! शनिवार म्हणजे माझी सुट्टी, एवढंच. आणि मी मात्र माशा नाहीत म्हणून तक्रार करत बसलो होतो.

एक विचारू का? तिथे काम करणारे अरब दोन हजार वर्षांपूर्वीच्या ज्यूंचे कपडे घालून वावरतात, याचं तुम्हाला काय वाटतं? माझ्या सहकाऱ्याला मी हे विचारलं होतं. तो म्हणाला, "आमचे बापजादे या डोंगरावर किती काळ आहेत कुणी मोजलंय? ते तेव्हा कोण होते, तेही कुणी मोजलेलं नाही."

---

एकमुखी | सोमवार, रात्री ९:४१

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

संपादक मंडळ | सोमवार, रात्री ९:५५

आजच्या राजकारणावर बोलायला वेगळे धागे आहेत. इथे गाव, घाणा, जातं आणि गाढव एवढ्यावरच राहावे.

---

शनवारतेली | मंगळवार, सकाळी ६:४०

तुमच्या सहकाऱ्याचे उत्तर चांगले आहे. माझे असे आहे. आम्ही इथे आलो तेव्हा आम्हालाही विचारले गेले की तुम्ही खरे ज्यू कशावरून. साठच्या दशकात आमच्या लोकांना लग्न नोंदवताना अडवत होते. जेरुसलेमला धरणे धरले, तेव्हा १९६४ मध्ये संसदेने आम्ही सर्व बाबतीत ज्यू आहोत असे ठरवून दिले. ज्याला एकदा असे विचारले गेले आहे, तो दुसऱ्याच्या अंगावरचे कपडे तपासायला जात नाही.

तिथल्या मेंढपाळ म्हाताऱ्याला मी हिब्रूत विचारले, हे काम आवडते का. तो म्हणाला, माझा बापही मेंढ्याच राखत होता, फक्त त्याला बघायला बस येत नव्हती.

---

केळीचं_पान | मंगळवार, सकाळी ७:१५

काका, तुमच्याकडे मलिद्याला गाणी म्हणतात ना? आमच्या शेजारी पूर्वी एक बेने इस्राएल कुटुंब होतं. एलियाहू हन्नाबीच्या (एलिया संदेष्ट्याच्या) नावाने भिजवलेले पोहे, नारळ, गूळ, खजूर यांचा मलिदा करायचे आणि आम्हालाही वाटी यायची.

---

शनवारतेली | मंगळवार, सकाळी ७:५०

हो तर! एलियाहू हन्नाबीचे गाणे प्रत्येक शुभकार्यात. हैफाला कार्मेल डोंगरावर एलियाची गुहा आहे, नवस फेडायला आमची माणसे तिथे जातात, पोहे घेऊन. पोहे इकडच्या भारतीय दुकानात मिळतात, अलिबागच्या पोह्यांची सर नाही. आणि तुमचा जात्याचा प्रश्न मी रात्री बहिणीला फोनवर सांगितला. ती म्हणाली, त्या नाझरेथच्या बाईला आपली एक ओवी शिकवून ये, दोन हजार वर्षे रिकामे बसले आहे जाते.

---

खापर | मंगळवार, सकाळी १०:०५

काका आणि केळीचं पान, मी हा धागा जपून ठेवतोय. ज्यांना याच प्रकारचं पण खऱ्या अवशेषांवर उभारलेलं काही बघायचं असेल त्यांनी गोलानमध्ये कात्झरीन बघावं. तिथे उत्खननात निघालेल्या गावातली काळ्या बेसॉल्टची घरं त्याच पायांवर परत उभी केलीत. काळ मात्र नंतरचा, तालमुद हा ज्यूंचा ग्रंथ रचला गेला त्या वेळचा. दगड पाहून सह्याद्री आठवेल.

---

रानपाखरू | मंगळवार, दुपारी १२:२०

माळवद, दिव्याचा फोटो राहिला. आणि तो लागतो का?

---

माळवद | मंगळवार, रात्री १०:५०

फोटो चढवलेत, दिसले नाहीत तर सांगा.

दिवा आज लावून बघितला, तुमच्यामुळेच. मूठभर आकाराचा, वरून बंद, मध्ये तेल ओतायला भोक, पुढे वातीसाठी पसरट तोंड. ऑलिव्ह तेल घरात होतं, पण त्या बाटलीची किंमत आठवून हात मागे आला, करडईचं घातलं. जवसाच्या धाग्याची वात हवी होती, ती कुठून आणणार, देव्हाऱ्यातली लांब वात घातली. लागला! ज्योत करंगळीच्या नखाएवढी. खोलीतले दिवे बंद केले तर समोरच्याचं तोंड दिसेल, पुस्तक वाचता येणार नाही. तासाभरात तेल संपत आलं. म्हटलं, दहा कुमारींच्या गोष्टीत तेलाची वेगळी भांडी न आणणाऱ्या पाच जणी मूर्ख ठरतात, ते बरोबरच आहे.

मग लक्षात आलं की तेल जळून संपलेलं नाही, झिरपलंय. दिव्याखाली सागवानी कपाटावर ताटलीएवढं वर्तुळ. बायकोने बघायच्या आत पुसायला गेलो तर आणखी पसरलं. शेवटी आईला लातूरला फोन केला, डाग कसा काढू म्हणून. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "कोरी पणती रात्रभर पाण्यात भिजत घालावी लागते, एवढं तरी विचारून यायचंस की तिथल्या लोकांना."

---

शनवारतेली | मंगळवार, रात्री ११:२०

आई बरोबर बोलल्या. आमच्याकडे शब्बाथाला टांगता काचेचा पेला असे, खाली पाणी, वर खोबरेल, त्यात वात. डागाचा प्रश्नच नाही. तुमच्या डागावर पीठ टाकून सकाळपर्यंत ठेवा.